आयझॅक मर्फी, जुन्या अमेरिकन रेसिंगचा चॅम्पियन जॉकी: कोणाला नीट माहिती आहे का?

साखळीकर

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा कोणीतरी एका खेळाडूवर बोलतं, आता माझी पाळी आहे. क्रिकेट-फुटबॉलवर सगळेच बोलतात म्हणून मी मुद्दाम आयझॅक मर्फी घेतलाय. केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी घोड्यांची रेस तीनदा जिंकलेला काळा जॉकी, म्हणजे रेसचा घोडेस्वार, आईबाप गुलामगिरीत जन्मलेले, आणि मेला तेव्हा वय फक्त पस्तीस. एवढं वाचलं आणि डोक्यातून जाईचना.

अडचण अशी की आपल्याकडे गोव्यात रेसकोर्सच नाही. आमच्या डिचोली-सत्तरीत घोडा म्हटला की शिगम्यातली घोडेमोडणी, खरी रेस मी टीव्हीवरच पाहिलीय. त्यामुळे घोड्यावर बसून तो नेमकं वेगळं काय करायचा ते मला लोकांना सांगता येत नाहीये. शिवाय नेटवर एके ठिकाणी लिहिलंय की तो ४४ टक्के रेस जिंकला, दुसरीकडे ३४ टक्के, यातलं खरं काय धरायचं? १८९० मध्ये तो दारू पिऊन घोड्यावर बसला असा आरोप झाला होता तेही वाचलं, ते सांगावं की नको? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, त्या काळात एवढे काळे जॉकी होते तर पुढे ते गेले कुठं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, समोर बसणारे बहुतेक निवृत्त शिक्षक आहेत, उलटतपासणी घेतात.

वाचक_फोंडा

साखळीकर, विषय फार चांगला घेतलात. मी रेस खेळत नाही पण त्या काळाच्या इतिहासाचं वाचन आहे, त्यातून सांगतो.

जन्म १८६१, केंटकी. मूळ नाव आयझॅक बर्न्स. वडील सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धात, उत्तरेच्या सैन्यात भरती झाले आणि तिथेच कॅम्प नेल्सनला वारले. मग आई, तिचं नाव अमेरिका, पोराला घेऊन लेक्सिंग्टनला स्वतःच्या वडिलांकडे आली. ते आजोबा ग्रीन मर्फी, त्यांच्याच नावावरून याने पुढे मर्फी लावलं. आई लोकांचे कपडे धुवायची, त्यातल्याच एका घरच्या माणसाचा रेसच्या घोड्यांचा स्टेबल होता, पोरगा लहान चणीचा होता, तिथून तो तबेल्यात गेला. १८७५ साली पहिली रेस चालवली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लेक्सिंग्टनला ग्लेंटिना नावाच्या घोडीवर पहिली जिंकली. म्हणजे चौदाव्या वर्षी.

एक गोष्ट लोकांना आधी समजावून सांगा, नाहीतर पुढचं काहीच लागणार नाही. त्या काळात दक्षिणेत घोडे सांभाळणं, फिरवणं, शिकवणं हे सगळं काम गुलामांकडेच असायचं. गुलामगिरी गेली तरी हात तेच राहिले. त्यामुळे १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बीत पंधरा जॉकींपैकी तेरा काळे होते. मर्फी आभाळातून पडलेला नव्हता. ज्या लोकांना घोडा सगळ्यात जास्त कळत होता त्यांच्यातला तो सगळ्यात हुशार, असं मी म्हणेन.

आता टक्केवारी. १४१२ रेसमध्ये ६२८ विजय हा त्याचा स्वतःचा हिशोब, ते होतात ४४ टक्के. नंतर लोकांनी त्या वेळची छापील रेकॉर्डं चाळून काढलेला आकडा १५३८ मध्ये ५३०, म्हणजे ३४. तेव्हा लहानसहान ट्रॅकवरच्या सगळ्या रेस कुठे नोंदवल्या जायच्या नाहीत, फरक तिथून येतो. दोन्ही आकडे सांगा आणि कुठला कुठून आला ते सांगा, शिक्षक मंडळी खूश होतील. आज एखादा जॉकी २० टक्के जिंकला तरी तो वरच्या फळीतला धरतात, त्यामुळे ३४ घेतलं तरी माणूस मोठाच.

पेडणेकर

४४ वाला आकडा मी तरी बोलताना वापरणार नाही. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते वेगळं आणि नोंद वेगळी. आणि दुसरं, तेव्हा एकेका रेसमध्ये घोडे आजच्यापेक्षा कमी, त्यात शिवाय चांगल्या जॉकीला चांगलाच घोडा मिळणार. मग टक्केवारी वाढणारच की. मला तो मोठा वाटत नाही असं नाही, पण आजच्या जॉकीशी तुलना करणं बरोबर नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मोतद्दार_म्हापसा

मी पुण्याला रेसकोर्सच्या तबेल्यात बरीच वर्षं काढली, आता म्हापशाला असतो. पेडणेकर भाई, तुमचं अर्धं पटतं. घोडे कमी होते हे खरं. पण चांगला घोडा मिळाला म्हणजे रेस जिंकली असं नसतं हो, चांगला घोडा हरवणारे जॉकी मी डोळ्यांनी बघितलेत. घाई करतात. घोडा सुटायला बघतो म्हणून सोडतात आणि शेवटच्या दोन फर्लांगात घोडा रिकामा.

साखळीकर, तुम्ही विचारलंत की मर्फी घोड्यावर बसून काय वेगळं करायचा, तर उत्तर आहे हात. त्याच्याबद्दल जे काही लिहून ठेवलंय त्यात हेच पुन्हा पुन्हा येतं की चाबूक क्वचित वापरायचा आणि ताठ बसायचा. आजचे जॉकी रिकीब आखूड करून घोड्याच्या मानेवर वाकलेले असतात, ती पद्धत तेव्हा अमेरिकेत अजून रुळायची होती. हा लांब रिकिबीत पाय सोडून सरळ बसायचा आणि सगळं काम लगामातून. लगाम ओढून धरायचा नसतो आणि ढिलाही सोडायचा नसतो. गळाची दोरी बोटावर धरतो ना आपण, मासा नुसता तोंड लावून गेला तरी कळतं, तसा घोड्याचं तोंड बोटाला कळत राहिलं पाहिजे. घोडा दम राखून पळतोय का दम संपत आलाय, हे बोटाला कळतं, डोळ्याला नाही. मर्फीला ते कळायचं आणि वेळेचा अंदाज डोक्यात पक्का होता, म्हणून तो जरुरीपेक्षा जास्त अंतराने जिंकायला जायचाच नाही. हेडने, म्हणजे घोड्याच्या डोक्याएवढ्या फरकाने, जिंकला काय नि दहा लेंग्थने, म्हणजे दहा घोड्यांच्या लांबीने, जिंकला काय, बक्षीस तेच, घोडा मात्र पुढच्या रेसला शाबूत राहतो.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे १८९१ ची डर्बी, ती जरूर सांगा. फक्त चार घोडे. चौघांनाही आपापल्या मालक-ट्रेनरचा हुकूम, पुढे जाऊ नका, मागून काढा. मग काय, चौघेही एकमेकांकडे बघत रखडत चाललेत आणि लोक ओरडतायत. दीड मैलाला २ मिनिटं ५२ सेकंदांहून जास्त लागली, डर्बीच्या इतिहासातली सगळ्यात संथ रेस ती. अशा रेसमध्ये भल्याभल्यांचा धीर सुटतो. मर्फी किंगमनवर होता, थांबला, थांबला आणि शेवटी काढला. आणि किंगमनचा ट्रेनर आणि भागीदार मालक डडली ॲलन हाही काळा माणूस होता, हे विसरू नका.

दीड मैल म्हणजे १२ फर्लांग हेही लक्षात असू द्या. आज केंटकी डर्बी सव्वा मैलाची आहे, १८९६ पासून. मर्फीच्या तिन्ही डर्बी जुन्या लांब अंतराच्या, आपली महालक्ष्मीची इंडियन डर्बी २४०० मीटर असते जवळपास तेवढ्याच.

पेडणेकर

मोतद्दार काका, हे पटलं. १८८४ चं पण सांगा ना, बुकॅननचं.

मोतद्दार_म्हापसा

हो, ती त्याची पहिली डर्बी. बुकॅनन घोडा डोक्याने गरम. आधी नॅशव्हिलला त्याने मर्फीला जवळजवळ फेकलं होतं, त्यामुळे मर्फी डर्बीला त्याच्यावर बसायला तयार नव्हता, मग अधिकाऱ्यांनी दम दिला तेव्हा बसला असं सांगतात. आणि बुकॅनन त्याआधी एकही रेस जिंकलेला नव्हता! आयुष्यातला पहिला विजय थेट डर्बीत. पेडणेकर भाई, आता तुम्हीच सांगा, याला चांगला घोडा मिळाला म्हणायचं का? त्याच मीटिंगमध्ये, म्हणजे त्याच रेसकोर्सवरच्या त्या रेसेसमध्ये, मर्फीने ओक्स आणि क्लार्क हँडिकॅप या दोन मोठ्या रेस पण मारल्या. डर्बी, ओक्स, क्लार्क एकाच वर्षात, असा दुसरा जॉकी झाला नाही.

दुसरी डर्बी १८९० ला रायलीवर, तिसरी ही किंगमनची. लागोपाठ दोन डर्बी जिंकणारा पहिला जॉकी तोच आणि तीन जिंकणाराही पहिला तोच. ती बरोबरी व्हायला १९३० उजाडलं, अर्ल सँडी, आणि मोडायला १९४८, एडी आर्कारो.

साखळीकर

काय सुंदर लिहिलंय मोतद्दार काका, गळाच्या दोरीचं तर मी तुमचं नाव घेऊन जसंच्या तसं सांगणार. १८९० च्या दारूच्या भानगडीबद्दल कोणी बोललं नाही अजून. माझी बायको म्हणते ते वगळ, चांगल्या माणसाचं भाषण आहे, मला मात्र वगळणं बरोबर वाटत नाही.

अनघा_मडगाव

वगळू नका, पण त्याच्या आधीचे दोन महिने सांगा, तर लोकांना त्याचं वजन कळेल.

२५ जून १८९०, शीप्सहेड बे, न्यूयॉर्कजवळ. सॅल्व्हेटर आणि टेनी या दोन घोड्यांची समोरासमोर मॅच. थोडे दिवस आधी सबर्बन हँडिकॅप या रेसमध्ये सॅल्व्हेटरने टेनीला हरवलं होतं, टेनीच्या मालकाला ते मान्य नव्हतं म्हणून त्याने आव्हान दिलं. सॅल्व्हेटरवर मर्फी, टेनीवर एडवर्ड गॅरिसन, हा गोरा जॉकी, शेवटच्या क्षणी मागून झेप घेऊन जिंकण्यासाठी प्रसिद्ध. वर्तमानपत्रांनी काळा विरुद्ध गोरा असंही रंगवलं. सव्वा मैल. मर्फीने सॅल्व्हेटर पुढे काढला, शेवटच्या टप्प्यात गॅरिसन चाबूक आणि टाचा मारत टेनीला घेऊन आला, अंतर भराभर कमी होत गेलं, सॅल्व्हेटर थकलेला, आणि मर्फी तसाच शांत. जेमतेम डोक्याच्या फरकाने जिंकला. २ मिनिटं ५ सेकंद, तेव्हाचं रेकॉर्ड. शेवटच्या क्षणाचा एक फोटोही निघालाय, भाषणात तो दाखवाच, एक जॉकी सगळं अंग झोकून देतोय आणि दुसरा हललेला नाही.

म्हणजे त्या जूनमध्ये तो देशातला सगळ्यात मोठा जॉकी होता. आणि ऑगस्टच्या शेवटी मॉनमथ पार्कच्या रेसकोर्सवर सॅल्व्हेटरच्याच मालकाच्या, म्हणजे हॅगिनच्या, फिरेन्झी नावाच्या घोडीवर बसला, घोडी जिंकणार असं सगळे धरून चाललेले, आणि हा खोगिरात डुलतोय. घोडी शेवटची आली आणि रेस संपल्यावर तो खाली घसरला. लगेच बोभाटा, पिऊन आला होता. सस्पेंड केलं. दोनच दिवसांनी सॅल्व्हेटरने सरळ ट्रॅकवर मैलाचं रेकॉर्ड केलं, १ मिनिट ३५.५ सेकंद, तेव्हा त्याच्यावर दुसरा जॉकी होता. मर्फीचं म्हणणं असं की आपल्याला पाण्यातून काहीतरी दिलं गेलं. विषप्रयोग झाला असं मानणारेही बरेच होते. खरं काय ते सिद्ध झालं नाही.

मला त्यात शरीराच्या वजनाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सीझन संपला की त्याचं वजन १३० ते १४० पौंडांपर्यंत जायचं, म्हणजे ६० किलोच्या आसपास. परत रेसला बसायचं तर पन्नासच्या जवळ आणायचं. दरवर्षी. उपाशी राहून, चालून, घाम काढून. अशा शरीरावर थोडी शॅम्पेन गेली काय नि काही दुसरं गेलं काय, कडक उन्हात माणूस कोसळणारच. मी फिजिओथेरपी करते म्हणून हे जास्त जाणवतं मला. त्या माणसावर बेवडा म्हणून शिक्का मारणं मला अजिबात मान्य नाही.

मोतद्दार_म्हापसा

अनघाताई, वजनाचं तुम्ही अगदी बरोबर बोललात. मी पाहिलंय पुण्याला. रेसच्या दिवशी पोरं सकाळपासून पाणी तोंडात घेऊन चूळ भरून टाकतात, गिळत नाहीत. अंगावर दोन-दोन जाकिटं घालून ऊन्हात धावतात. नंतर खोगीर हातात घेऊन काट्यावर उभे राहतात तेव्हा गालफडं बसलेली असतात. आणि कमी भरलं तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालायला लागतात, ते वेगळं, पण जास्त भरलं तर उपाय नाही, राइड गेली. मर्फीच्या वेळेला तर डॉक्टर, डाएट, काहीच नाही. त्याला न्यूमोनिया झाला आणि १२ फेब्रुवारी १८९६ ला गेला, ते शरीर आधीच खंगलेलं असणार.

पेडणेकर

आणखी एक भर घालतो, कारण मी वर जरा कठोर लिहिलं होतं. हा माणूस विकला जात नव्हता. १८७९ ला साराटोगाच्या रेसकोर्सवर फॉल्सेटो नावाच्या घोड्यावर त्याने ट्रॅव्हर्स आणि केनर स्टेक्स या दोन्ही मोठ्या रेस जिंकल्या, दोन्हीत स्पेंडथ्रिफ्टसारखा नावाजलेला घोडा हरवला. तेव्हा तो अठरा वर्षांचा. बेटिंगवाले त्याला घोडा ओढायला, म्हणजे मुद्दाम हरवायला, पैसे द्यायला तयार होते असं सांगतात, त्याने घेतले नाहीत. ज्या धंद्यात बुकी पावलोपावली उभे असतात तिथे नाव स्वच्छ ठेवणं हे मला तीन डर्बींपेक्षा मोठं वाटतं. पुढे शिकागोची अमेरिकन डर्बी तर पहिल्या पाच वर्षांत चारदा त्याचीच, १८८४, ८५, ८६ आणि ८८. तेव्हा शिकागोच्या डर्बीत केंटकीपेक्षा जास्त पैसा होता. वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर कमवायचा, लेक्सिंग्टनला घर, स्वतःचे घोडे.

साखळीकर

मग एवढं सगळं असताना पुढच्या पिढीचं काय झालं? हाच प्रश्न मला नक्की विचारणार.

अनघा_मडगाव

हाकलले त्यांना. हेच सरळ शब्दांत सांगा, गोल गोल नको.

पहिल्या २८ केंटकी डर्बींपैकी १५ काळ्या जॉकींनी जिंकल्या. १९०२ नंतर एकही नाही. टॅलेंट संपलं असं कसं होईल? झालं असं की जॉकीच्या कामात पैसा आणि नाव आलं, आणि गोऱ्या जॉकींना ती जागा हवी झाली. ट्रॅकवर दोघा-तिघांनी मिळून काळ्या जॉकीला मध्ये कोंडायचं, कठड्यावर दाबायचं, पायावर चाबूक मारायचा. मग मालक म्हणणार, याला बसवलं तर माझ्या घोड्याला इजा होईल, नको. लायसन्स देणारे वरचे लोक गोरेच. मर्फी वारला त्याच वर्षी, १८९६ मध्ये, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात वेगळं पण समान हे तत्त्व उचलून धरलं, म्हणजे रेल्वेच्या डब्यापासून सगळीकडे वेगळं ठेवायला कायद्याचा आधार मिळाला. रेसकोर्स त्यातून कसा सुटेल.

जिमी विंकफील्ड या काळ्या जॉकीची गोष्ट जोडा. १९०१ आणि १९०२ ची डर्बी त्याची, १९०३ ला दुसरा. तरी घोडे मिळेनात म्हणून १९०४ ला रशियाला गेला आणि तिथे चॅम्पियन झाला! क्रांतीनंतर १९१९ मध्ये ओडेसाहून दोनशेच्या वर घोडे घेऊन काही लोक लढाईच्या धुमाळीतून पोलंडला निघाले, त्यात हा होता. पुढे फ्रान्सला स्थायिक झाला, तिथे ट्रेनर म्हणून नाव काढलं. १९६१ मध्ये त्याला लुईव्हिलला डर्बीच्या एका मेजवानीला बोलावलं, आणि हॉटेलच्या पुढच्या दरवाज्यातून आत सोडेनात. दोन डर्बी जिंकलेला माणूस, वय ऐंशीच्या आसपास. हे वाचून मी त्या रात्री नीट झोपले नाही.

आणि मर्फीची कबर. लेक्सिंग्टनच्या काळ्या लोकांच्या दफनभूमीत पुरलं होतं, पुढे खूण नाहीशी झाली, कोणाला ठिकाण माहीत नाही. साठच्या दशकात फ्रँक बोरीज नावाच्या माणसाने शोधून काढली. १९६७ मध्ये त्याला तिथून उचलून मॅन ओ वॉर या प्रसिद्ध घोड्याच्या शेजारी पुरलं, आता दोघंही केंटकी हॉर्स पार्कमध्ये आहेत. बायको ल्युसी मात्र जुन्याच दफनभूमीत राहिली. सन्मान केला हे चांगलंच, पण नवरा-बायको वेगळे केले ते मला पटत नाही.

वाचक_फोंडा

अनघा, शेवटचं माझ्याही मनात होतं. दोघांना एकत्र ठेवायला काय हरकत होती.

साखळीकर, बोलताना दोन गोष्टी सांभाळा, कारण नेटवर यात सगळीकडे घोळ आहे. एक, मर्फी हा डर्बी जिंकणारा पहिला काळा जॉकी असं म्हणू नका. पहिली डर्बी १८७५ ला ऑलिव्हर लुईसने ॲरिस्टिडीसवर जिंकली, तो काळा होता, आणि त्या घोड्याचा ट्रेनर अँसल विल्यमसनही, जो आधी गुलाम होता. दोन, विली सिम्स या दुसऱ्या काळ्या जॉकीला यात मिसळू नका. तो वेगळा, डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही मोठ्या रेस जिंकलेला, त्याच्या डर्बी १८९६ आणि ९८ च्या. आखूड रिकिबीची पद्धत घेऊन १८९५ ला इंग्लंडला गेलेला तो हाच, मोतद्दार काका वर जे म्हणाले त्याचा पुढचा भाग सिम्सपाशी लागतो.

१९५५ ला साराटोगाच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे रेसिंगमधल्या थोर मंडळींच्या मानाच्या यादीत, जॉकींची पहिली तुकडी घेतली त्यात मर्फी होता, हेही घाला. भाषण कधी आहे ते इथे टाका, रविवार असेल तर फोंड्याहून मी येतो.

साखळीकर

रविवारीच आहे, संध्याकाळी पाचला, वाचनालयाचा पत्ता तुम्हाला मेसेज करतो. मोतद्दार काका, म्हापशाहून तुम्ही आलात तर लगामाचं तुम्हीच दोन मिनिटं हाताने करून दाखवा, मी मध्ये थांबतो. प्रोजेक्टर आहे, सॅल्व्हेटर-टेनीचा फोटो मोठा करून लावतोय.

मोतद्दार_म्हापसा

येतो. घरी जुना लगाम आहे, घेऊन येतो.